09:59 यांस खुले पत्र

राजमान्य राजेश्री उलटे घड्याळसाहेब,
मु. पो. ‘चित्रकलेचा पाया 21 दिवसांत’ या जाहिरातीचा वरचा कोपरा, यांस
सोलापूरहून साष्टांग नमस्कार वि. वि.

आपली ओळख भाचीच्या मोबाइलवर झाली. पोरीने चित्रकलेची एलिमेंटरी दिली, इंटरमिजिएट दिली, आता ‘बेसिक पक्कं करायचंय’ म्हणून रात्री नेटवर काही मिळतंय का बघत होती. तेवढ्यात आपण हजर. 14,999 वर लाल काट, खाली 499, आणि शेजारी आपण धापा टाकताय: 09:59, 09:58, 09:57. पोरीचा जीव टांगणीला. तिने घाबरून पान बंद केलं, पुन्हा उघडलं, तर आपण पुन्हा 09:59 वर, ताजेतवाने. दुसऱ्या दिवशीही तेच. आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतला गड्डासुद्धा कधीतरी उठतो हो. आपली ‘शेवटची संधी’ मात्र चिरंजीव आहे.

आपल्या पायाशी दोन बटणं होती. एक हिरवं, भलंमोठं: ‘हो, मला कलाकार व्हायचंय’. दुसरं करड्या रंगाचं, मुंगीएवढं: ‘नको, मी आहे तशीच बरी’. वा! 499 रुपये वाचवायचे तर आधी स्वतःचा अपमान करून घ्यायचा. एवढं नक्षीकाम तर आमच्या चादरीवरही नसतं.

चादरीवरून आठवलं. जॅकार्ड मागावरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढतात, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. एक घर चुकलं की तीच चूक प्रत्येक चादरीवर उमटते. त्यामुळे नक्षी काढणाऱ्याला कुणी ‘दहा मिनिटांत उरक’ म्हणत नाही. म्हणालंच तर सोलापुरी उत्तर ठरलेलं: ‘कशाला घाई बे?’ आमचा सवालही तोच आहे. ज्या विद्येत घाई हाच दोष, तिच्या दारात आपल्याला उभं कुणी केलं?

बरं, 499 रुपयांत आपण देणार काय? रेघ, आकार, पर्स्पेक्टिव्ह, छायाप्रकाश, मानवाकृती. आपल्या मालकांनी हे कुठल्या गुहेतून शोधून आणलं असावं, असा आव आहे. वास्तविक हा माल चव्हाट्यावर पडलाय, फुकट. ड्रॉअबॉक्स नावाच्या साइटवर रेघेपासून ठोकळ्यापर्यंतचे धडे मोफत आहेत. तिथला मास्तर अडीचशे ठोकळे काढायला लावतो आणि वर नियम घालतो की जेवढा वेळ सराव कराल, तेवढाच वेळ मनाला येईल ते, मजेखातर काढा. अडीचशे ठोकळे, घड्याळसाहेब! आपल्या दहा मिनिटांत त्यातला एखादाही धड जमायचा नाही.

मानवाकृतीसाठी प्रोको या चॅनलचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. संगणकावर रंगवायचं तर क्रिटा हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि डिजिटल चित्रकलेचे पाठ कंट्रोल पेंट या साइटवर मोफत आहेत. जॉन रस्किनने चित्रकलेच्या मूलतत्त्वांवर पुस्तक लिहिलं 1857 साली, म्हणजे मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं त्याच वर्षी. ते प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आजही कुणालाही वाचता येतं. शार्ल बार्गच्या अभ्यास-तक्त्यांवरून व्हॅन गॉगने हात बसवला. ते तक्तेही नेटवर बघायला मिळतात. थोरांची चित्रं समोर ठेवून अभ्यास करायचा तर न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने 2017 मध्येच लाखो कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना खुल्या केल्या. त्यांच्या कोपऱ्यात आपण दिसला नाहीत. चुकून राहिलं असेल.

यातलं बरंचसं इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमातल्या पोरांना त्याचा त्रास होतो, हे खरं. आपल्या मालकांनी तिथेच नेम धरलाय: तोच फुकटचा मजकूर मोडक्यातोडक्या मराठीत वाचून दाखवायचा आणि त्याला ‘गुपित’ म्हणायचं. पण ठोकळा कसा फिरवला हे डोळ्यांना दिसतं. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, हातात पेन्सिल धरून बघितलं की अर्धं इंग्रजी आपोआप गळून पडतं.

आणि मॉडेल? भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावर ऊन सरकताना छायाप्रकाश शिका. तळ्यातल्या सिद्धेश्वर मंदिराचं प्रतिबिंब कुठे तुटतं ते बघा. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्यांची झटपट रेखाटनं करा; तिथे कुणालाच घाई नसते, कारण गाडीच आलेली नसते. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू आणि एक 2बी पेन्सिल, एवढ्यावर वर्ष निघतं. आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढून नावारूपाला आले. एका चित्रामागे किती बैठका लागतात ते त्यांच्या चित्रातल्या साडीच्या सुरकुत्याच सांगतात.

गैरसमज नको. शिकवणाऱ्याने पैसे घ्यावेत, अवश्य घ्यावेत. आपल्या रेघेवर लाल पेन्सिल फिरवणारा गुरुजी मिळाला तर फी देऊन वर पाया पडावं. ड्रॉअबॉक्ससुद्धा काम तपासून द्यायचे पैसे घेतं, धड्यांचे नाही. पैसे मोजायचे ते चूक दाखवणाऱ्या नजरेचे. आपल्याकडे तेवढंच नाही. माझं चित्र कोण तपासणार, व्हिडिओ किती दिवस बघता येणार, नाही पटलं तर पैसे परत कसे मिळणार, हे तीन प्रश्न सुचू नयेत म्हणून तर आपली नेमणूक झालीय.

एक दुःखद बातमी कळवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन फसवाफसवीच्या 13 प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्या यादीत पहिलाच मान आपला: खोटी घाई. ‘मी आहे तशीच बरी’ म्हणायला लावणारं आपलं धाकटं भावंडही त्यात आहे. वर्गणी सहज सुरू व्हावी पण बंद काही केल्या होऊ नये, हा आपल्या मालकांचा पुढचा बेतही तिथे नोंदलेला आहे. आपण कुठल्या पेजवर, कुणाच्या नावाखाली नोकरी करता याने फरक पडत नाही.

तेव्हा वाचकहो, असं घड्याळ दिसलं की पान एकदा बंद करून पुन्हा उघडा. आकडा पहिल्यापासून सुरू झाला तर त्याचा फोटो काढून ठेवा, पैसे खिशात ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवा. नंबर आहे 1915. सोलापूरकरांना लक्षात ठेवायला सोपा: त्याच साली आपल्या पंढरपुरात मकबूल फिदा हुसेन जन्मले.

आपला,
499 रुपये वाचलेला एक मामा