नळदुर्गचा पंचनामा

सेवानिवृत्तीनंतर मनुष्यास जी व्यसने जडतात, त्यांपैकी बागकाम पाण्याअभावी आणि अध्यात्म चित्ताच्या चांचल्यामुळे मला साधले नाही. तेव्हा भाच्याने जुना झाला म्हणून बाजूस ठेवलेला कॅमेरा गळ्यात अडकवून मी छायाचित्रणाकडे वळलो. तहसील कचेरीत उभा जन्म काढलेल्या अव्वल कारकुनाला हद्दी नमूद केल्यावाचून कोणतीही मिळकत डोळ्यांना दिसतच नाही. पहिल्या खेपेस नळदुर्गच्या किल्ल्याची जी एकसष्ट छायाचित्रे मी आणली, त्यांत एका हद्दीस रणमंडळाची तटबंदी, दुसरीस विजेचा खांब, तिसरीस चिवडा खाणारे एक कुटुंब आणि चौथीस आमच्या सौभाग्यवतींची पिशवी अशी चतुःसीमा यथास्थित आली होती. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो पाणीमहाल मात्र मधोमध खसखशीएवढा उरला होता.

भाच्याने सगळी छायाचित्रे निमूटपणे पाहिली आणि विचारले, "मामा, हा फोटो आहे की सातबारा?"

भाद्रपदात बोरी धरण भरून वाहू लागल्याची वर्दी आली, तेव्हा तुळजापुरास देवीचे दर्शन घेऊन (तेथे गाभाऱ्यात कॅमेरा काढण्याची सोय नसल्याने माझ्या हातून प्रमाद घडला नाही) आम्ही उभयता एस. टी.ने पुन्हा नळदुर्गास दाखल झालो. हा मुकाम आम्हा दफ्तरी माणसांना पूज्यच आहे. निजामाने 1853 साली नळदुर्ग जिल्हा कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हा ठगांवरील कादंबरीमुळे ख्यातकीर्त झालेला मेडोज टेलर येथे अंमलदार होता. आणि विजापूरच्या वास्तूंच्या छायाचित्रांचा जो ग्रंथ 1866 साली लंडनमध्ये निघाला, त्याच्या मजकुरासही त्याचा हात लागलेला आहे. पूर्वसूरी एवढा थोर असल्यावर माझी उमेद वाढली, यात नवल नाही.

उपळी बुरुजाने ती तत्काळ उतरवली. पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर रोखला की तो बलाढ्य बुरूज, मागून कोणी धक्का दिल्यासारखा, उताणा पडू लागे. कॅमेरा सरळ धरून आपणच पुरेसे मागे सरकावे, ही युक्ती मला सातव्या छायाचित्रानंतर उमगली. तोवर मी बाभळीच्या काट्यांत उभा होतो. नवबुरुजाने निराळा धडा दिला. मागच्या खेपेस भर दुपारी काढलेल्या चित्रात त्याच्या नऊ पाकळ्यांची एकच सपाट भिंत झाली होती. या वेळी सकाळची तिरपी उन्हे दगडांवरून घसरत आली, प्रत्येक पाकळीच्या कुशीत सावली साचली आणि मोजणीस पाकळ्या बरोबर नऊ भरल्या.

पण बुरूज केवढा, हे कळावे कसे? मी सौभाग्यवतींना छत्री उघडून तटाखाली उभे राहण्याची विनंती केली.

"मी काय मोजणीची काठी आहे?" त्या म्हणाल्या, परंतु उभ्या राहिल्या, आणि त्या लाल ठिपक्यामुळे तटाची उंची प्रथमच माझ्याही ध्यानात आली.

आता पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, 1613 साली, बोरीच्या पात्रात बांध घालून त्या बांधाच्याच पोटात हे दालन काढले. नर आणि मादी या नावाच्या दोन धबधब्यांनी पाणी डोक्यावरून खाली कोसळते आणि आतला मनुष्य कोरडा राहतो. मी कोरडा राहिलो, हे खरे. पण गवाक्षाबाहेर वाकून धरलेल्या कॅमेऱ्याला ही सवलत नव्हती. भिंगावर तुषारांची एवढी दाटी झाली की पहिल्या अकरा चित्रांत देवीचा रोग आल्यासारखे दिसते. धोतराच्या सोग्याने पुसता पुसता त्यावर धुके पसरले, ते निराळेच.

शेवटी मी दालनात मागे सरलो. तेथे नवाच तंटा उभा राहिला: कॅमेरा अंधाऱ्या भिंतीकडे पाहून प्रकाश मोजी, तर पाणी खडूसारखे पांढरे होई, पाण्याकडे पाहून मोजी, तर भिंत काजळासारखी काळी. जन्मभर दोन्ही पक्षकारांचे म्हणणे नोंदवून घेणाऱ्या मला येथे निकाल द्यावा लागला. मी पाण्याच्या बाजूने तो दिला आणि खोलीचा दावा खर्चासह खारीज केला. काळ्याशार कमानीत कोसळणारे शुभ्र पाणी, एवढेच त्या चित्रात आहे. खांब नाही, चिवडा नाही, पिशवीसुद्धा नाही.

वाचकहो, नळदुर्गास जाणार असाल तर बोरीला पाणी असताना आणि सकाळीच जा, सोबत दोन कोरडी सुती फडकी ठेवा, आणि छत्री धरून उभे राहण्याबद्दल घरच्या मंडळींची संमती निघण्यापूर्वीच मिळवा.