समोर कोण बसन?

सरकारी कचेरीच्या लेखा विभागात उभा जन्म घालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर काय करावं, याचे पिपरी मेघेत काही ठरलेले मार्ग आहेत. भजनी मंडळ आहे, लेआउटच्या गणपतीचा जमाखर्च आहे, नाहीतर सकाळी फिरताना नव्या बांधकामांचे उतार कोणत्या बाजूला काढलेत ते तपासून मान हलवणं आहे. वर्धा शहर कुठे संपलं आणि पिपरी कुठे लागली हे नवख्याला कळत नाही. नोकरी वर्ध्यात आणि प्लॉट पिपरीत, हा इथल्या कितीतरी घरांचा पाया. अशा घरांमध्ये अधूनमधून एखादं फाटक निघतं, ज्याच्या आड जुनी चादर पांघरलेली नॅनो उभी असते. तिथे थांबू नये. थांबलात तर गाडीचं कौतुक करू नये. कौतुक केलंत, तर निदान चहा घेण्याइतका वेळ हाताशी ठेवावा, कारण आतून जो माणूस बाहेर येतो तो 'मांगं-इंजिनवाला' असतो.

आमच्या लेआउटमधला या जातीचा नमुना म्हणजे काकाजी. गाडीची किंमत, मायलेज, रंग या गोष्टी त्यांच्या लेखी किरकोळ खर्चात पडतात. ओळख करून देताना ते कूळ सांगावं तसं सांगतात, "इंजिन मांगं हाय." मग भाऊबंद मोजायला लागतात. जर्मनीची बीटल, पोर्शे ९११, आणि दादर-पुणे शिवनेरीला लागलेली व्होल्वो बस. सगळ्यांची इंजिनं मागे. "घरानं मोठं हाय आपलं," ते म्हणतात. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी कित्येक वर्षं खपून 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली, बारा हजारांत विकायचं त्यांच्या मनात होतं, पण ती बाजारात कधी आलीच नाही. ही हकिगत सांगताना काकाजींचा आवाज सख्खी आत्या गेल्यासारखा होतो. मीराचंही इंजिन मागेच.

पण त्यांचा हुकमाचा पत्ता रिक्षा आहे. बजाजच्या रिक्षावर 'आरई' अशी अक्षरं असतात, ती म्हणजे 'रिअर इंजिन'. आणि बजाज कुठले? जमनालाल बजाज वर्ध्याचे, बजाजवाडी वर्ध्यात. "म्हणून मागच्या इंजिनाचं माहेर वर्धा," हा निष्कर्ष. कारखाने आकुर्डीला आणि वाळूजला झाले, हे मी एकदा सुचवून पाहिलं. "माहेर अन् सासर येगळं असतंच ना बाप्पा," असं उत्तर आलं.

या श्रद्धेची सुरुवात चेतकवर झाली. बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत तो काळ. चेतकचं इंजिन मागच्या चाकाशी, तेही उजव्या अंगाला. त्यामुळे गाडीचा झोल उजवीकडे. सुरू व्हायला नखरे करू लागली की तिला डावीकडे तिरकी करायची, मग सरळ करून किक मारायची. हा विधी ज्यांनी वडिलांना करताना पाहिला नाही त्यांचं बालपण मी अपुरं मानतो. काकाजींचा सिद्धान्त असा, की काकू मागे एका अंगाला, डावीकडे पाय सोडून बसत, म्हणून उजवीकडच्या इंजिनाचा तोल सावरला जाई. जमा आणि खर्च दोन्ही बाजूंना सारखे. काकूंचं म्हणणं वेगळं आहे. "मी बापा पदर चाकात जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसू, अन् हे म्हणे ब्यालन्स!"

थोरला मुलगा समोर उभा, धाकटी मधे दाबलेली, असा हा संसार पावसात भिजत जायचा. पुढे रतन टाटांनी सांगितलं, की स्कूटरवर चौघांचं कुटुंब पावसात जाताना पाहून त्यांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली. काकाजींच्या मते ते कुटुंब त्यांचंच. टाटा त्या दिवसांत वर्ध्याला आले होते का, असं कोणी विचारलं तर ते शांतपणे म्हणतात, "थे नसतील आले. पन आमी तं जात होतो ना बाहेरगावी."

२००८च्या जानेवारीत दिल्लीत नॅनो लोकांपुढे आली. लाखभराची मोटार म्हणून जगभर बोभाटा झाला, आणि ती बनवणाऱ्या पथकाचे प्रमुख गिरीश वाघ हे मराठी नाव घरोघरी पोचलं. बंगालातल्या सिंगूरचा कारखाना आंदोलनामुळे गुंडाळून गुजरातेत साणंदला न्यावा लागला. २००९मध्ये मागणीच एवढी आली, की पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढली. सोडतीत नाव निघाल्याचं पत्र काकाजींनी लॅमिनेट केलंय. मुलांच्या गुणपत्रिका साध्या फाइलला आहेत.

आता या गाडीच्या खोडींकडे. इंजिन ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं, मागच्या सीटच्या पाठीशी. ते बघायचं तर मागच्यांना उतरवा, सामान काढा, सीट पाडा, झाकण उघडा. समोरच्या बॉनेटखाली स्टेपनी, आणि काकाजींच्या मॉडेलला पेट्रोलचं झाकणही तिथेच. याचे सामाजिक परिणाम फार वाईट झाले. पंपावर पोरगा नळी घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो, काकाजी उतरून बॉनेट उघडतात, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ओळखीचा थांबतो. "काय झालं काकाजी? बंद पडली का?" कोणी शर्टाच्या बाह्या सारतो, कोणी धक्का द्यायला मागे जाऊन उभा राहतो. गाडी कधी वाटेत अडलेली नसताना अख्ख्या पिपरीचं ठाम मत आहे की ती दर आठवड्याला बंद पडते.

पंक्चरवाल्यांचा छळ निराळा. या गाडीच्या चाकाला तीनच नट. नवा पोऱ्या असला की हमखास जमिनीवर वाकून शोधू लागतो. "एक पडला वाटते, काकाजी." मग व्याख्यान. गाडी हलकी, साधारण सहाशे किलोची, तिला तीन पुरतात. आणि मागचे टायर समोरच्यांपेक्षा रुंद आहेत, पाहिलं का? समोर १३५, मागे १५५. पोऱ्याने पाहिलेलं नसतं. त्याला फक्त पैसे घेऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे जायचं असतं.

रुंद टायरांमागचं कारण मात्र खरं आहे, आणि तिथेच काकाजींची झोप उडते. वजन मागे असलेली गाडी वेगात वळणावर गेली आणि चालकाने घाबरून एकदम ॲक्सिलेटर सोडला, तर मागचा भाग बाहेर झुकू पाहतो. शेपूट डोक्याच्या पुढे जायला निघते. मागचे टायर रुंद करायचे ते तिला आवरायला. बीटलवाले वाऱ्यात समोरचं टोक हलकं पडू नये म्हणून पुढच्या डिकीत वाळूची पोती टाकत. अमेरिकेत शेवरोलेची कॉर्व्हेअर याच स्वभावामुळे बदनाम झाली. राल्फ नेडर यांच्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या १९६५च्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण तिच्यावर, आणि पुढच्याच वर्षी तिथे वाहन सुरक्षेचा कायदा झाला. काकाजींना हे सगळं पाठ आहे. १९७२मध्ये सरकारी तपासणीत कॉर्व्हेअर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नाही असं ठरलं, हेही पाठ आहे, आणि ते वाक्य ते दोनदा म्हणतात.

या ज्ञानातून त्यांचा गृहनियम निघाला. समोरच्या सीटवर मान पाहून बसवायचं नाही, वजन पाहून बसवायचं. घरात आता कुठेही निघायचं ठरलं की पहिला प्रश्न, "समोर कोण बसन?" पुतणीच्या लग्नानंतर नवा जवाई पहिल्यांदा घरी आला. त्याला सेवाग्राम आश्रम दाखवायला न्यायचं ठरलं. पोरगा काडीसारखा, इंजिनिअरिंगच्या मेसवर वाढलेला. तो रिवाजाप्रमाणे समोरचं दार उघडणार, तेवढ्यात काकाजींनी त्याचा दंड हलकेच चाचपला आणि म्हणाले, "तुमी मांगं बसा जवाईबुवा. मोठ्या मामीजी, या समोर." मामीजींनी तेव्हापासून या घरचं पाणी घेतलेलं नाही. जवाई मात्र खूश होता. मागे बायको होती.

समोर बसायला वजनदार माणूस मिळेना तेव्हा काकाजींनी वाळूची पिशवी शिवून घेतली. त्याच सुमारास, २००९-१०मध्ये, काही नॅनो पेटल्याच्या बातम्या आल्या होत्या. कंपनीने नंतर गाड्यांना जादा संरक्षक भाग फुकटात बसवून दिले. काकाजींनी कागदावर मांडणी केली: वाळू तोलालाही आणि आगीलाही, एका खर्चात दोन बाबी. पिशवी समोरच्या सीटच्या पायाशी गेली. काकूंनी एकदाच विचारलं, "आग लागन मांगं, वाळू समोर. मंग विझवाले कोन जाईन, तुमी का मी?" तेव्हापासून पिशवीला फक्त तोलाच्या खात्यात धरतात.

२०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिल्या. नॅनोला मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे. लेआउटमधले पोट्टे पेपर घेऊन धावत आले. काकाजींनी बातमी शेवटपर्यंत वाचली. अशी बातमी शेवटपर्यंत वाचणारे फक्त लेखा विभागात तयार होतात. "पाचही गाड्यांले शून्य हाय. फोक्सवॅगनच्या पोलोलेबी. म्हंजे माही गाडी पोलोच्या बरोबरीची झाली ना?" एअरबॅग लावल्यावर त्याच पोलोला चार तारे मिळाले होते, आणि नॅनोचा सांगाडाच तग धरत नाही असं त्या अहवालात होतं. मी ते सांगितलं. "पन पिपरीत ६४चा स्पीड काढतो कोन? आन मले एक रस्ता दाखवून." याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे समृद्धी महामार्ग झाला. वेगमर्यादा १२०, आणि नॅनोचा कमाल वेग १०५. मुलाला धडकी भरली, काकाजींना समाधान वाटलं. कायदा मोडायची इच्छा झाली तरी मोडता येणार नाही अशी गाडी महाराष्ट्रात किती जणांकडे आहे? पहिल्या फेरीला ते डाव्या लेनने गेले, समोर काकू, काकूंच्या मांडीवर तुरीच्या डाळीचा कट्टा. वाळूची पिशवी होतीच.

नॅनोचं उत्पादन २०१८मध्ये थांबलं. रतन टाटा २०२४च्या ऑक्टोबरात गेले, त्या दिवशी काकाजींनी गाडी धुतली आणि कुठेही नेली नाही. मग पंधरा वर्षं भरल्याचं नोंदणीच्या नूतनीकरणाचं काम आलं. मुलगा म्हणाला, आता भंगारात द्या. काकाजी त्याच्याशी तीन दिवस बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी एमएच-३२ची पाटी ब्रासोने घासून आरटीओला हजर झाले. मीही गेलो, समोर बसायला माणूस हवा होता.

निरीक्षक तरुण होता, आणि देवाच्या दयेने चांगला भरदार. त्याने बॉनेट उघडायला सांगितलं. आत स्टेपनी. त्याने स्टेपनीकडे पाहिलं, मग काकाजींकडे. "इंजिन कुठाय?"

हा प्रश्न एखाद्या सरकारी माणसाने अधिकृतपणे विचारावा म्हणून काकाजींनी पंधरा वर्षं काढली होती. त्यांनी बीटलपासून सुरुवात केली. बीटलमध्ये काच धुवायच्या पाण्याला दाब स्टेपनीच्या हवेतून मिळायचा, इथपर्यंत पोचताना मागे रांग लागली होती. सीट पडली, झाकण निघालं, इंजिनाचा नंबर जुळला, दिवे लागले, ब्रेक लागले. निरीक्षक चक्कर मारायला समोर बसला. मला उतरवलं, वाळूची पिशवीही उतरवली. गाडीने मैदानाचं वळण असं घेतलं की काकाजींचा चेहरा मला लांबून ओळखू आला नाही.

पाच वर्षं वाढवून मिळाली. कागद खिशात घालून ते खिडकीशी परत गेले.

"साहेब, येत्या रविवारी नागपूरले जाचं हाय. मोकळे आहात का?"