ब्रूनोचे शेठ

भोसरी एमआयडीसीत ज्याच्याकडे दोन सीएनसी, एक म्हातारं लेथ आणि चहावाल्याची उधारी आहे, तो शेठ. हा शेठ मूळचा भोसरीचा नसतो. जत, आटपाडी, करमाळा, आष्टी अशा पाऊस चुकवणाऱ्या तालुक्यांतून आयटीआय करून आलेला असतो. मोठ्या कंपनीत काही वर्षं घासतो, मग गाळा भाड्याने घेतो. गाळ्यामागून फ्लॅट येतो, फ्लॅटमागून गाडी आणि गाडीमागून लॅब्राडॉर. त्याचं नाव ब्रूनो असतं. इंद्रायणीनगरात संध्याकाळी ‘ब्रूनो’ अशी हाक मारून बघा, एका वेळी तीन-चार साखळ्या ताणल्या जातात.

सोसायटीत यावरून भांडण होतंच. महाभारतात इंद्र रथ घेऊन आला, तेव्हा सोबतच्या कुत्र्याला सोडून धर्मराज चढेना. स्वर्गात कुत्रेवाल्यांना जागा नाही, असं इंद्राने स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे सोसायटीचा पहिला चेअरमन तोच. आमच्या मजल्यावरचे शेठ मात्र धर्मराजाच्या पुढे गेले. त्यांनी रथसुद्धा कुत्र्याच्या मापाने घेतला. शोरूममध्ये मायलेज विचारण्याआधी मागच्या सीटची रुंदी विचारली. भोसरीचं ग्रामदैवत भैरवनाथ. त्याचं वाहन कुत्रं. इथे कुत्र्याचं वाहन शेठ चालवतात.

शेठ जतकडचे. मार्गशीर्षात यल्लम्मादेवीची यात्रा असते, तेव्हा सगळं घर गावी निघतं. भोसरी ते जत म्हणजे अख्ख्या दिवसाचा मामला. ब्रूनोला पहिल्यांदा न्यायचं ठरलं आणि शेठच्या अंगात क्वालिटी मॅनेजर संचारला.

सॅम्पल पास झाल्याशिवाय लॉट लावायचा नाही, हा त्यांचा धंद्याचा नियम. आधी ब्रूनोला पार्किंगमध्ये, इंजिन बंद ठेवून, नुसतं गाडीत बसवलं. मग इंजिन चालू करून. मग मोशी, मग आळंदी. शेवटी एका गुरुवारी, शॉपला सुट्टी असते म्हणून, थेट चाकण. चाकणच्या चौकात तासभर अडकूनही कुत्रं शांत राहिलं, तेव्हा सॅम्पल पास. (तिथे तासभर शांत राहणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.)

मग पट्टा. गळपट्ट्याला दोरी बांधायची नाही. ब्रेक लागला की गळ्याला फास बसतो. छातीवरून जाणारा हार्नेस हवा आणि तो सीटबेल्टच्या बकलात अडकवायला हवा. इथवर सगळे सांगतात. पण बाजारातल्या हुकाचा खटका शेठना पसंत पडेना. त्यांनी शॉपमध्ये नवा करून घेतला. कुत्रं ३० किलोचं, हुक ३०० किलोला तपासला. जोराच्या ब्रेकला वजन कितीतरी पट होऊन ओढतं, हे ते मला लिफ्टमध्ये समजावत होते. उठता-बसता यावं, वळता यावं, पण गिअरपाशी येता येऊ नये, एवढाच प्ले ठेवायचा. माप घ्यायला ऑपरेटरने ब्रूनोच्या छातीला व्हर्नियर लावला. ब्रूनोने तो चाटला.

ब्रूनोच्या शेजारची जागा शेठच्या आईंची. त्यांना पट्टा नाही. मागे बसणाऱ्यांनाही कायद्याने पट्टा लागतो, असं मी म्हटलं, तर शेठ म्हणाले, ‘आई कुठं उडी मारतीय?’

निघायच्या दिवशी वहिनींनी पहाटे पुऱ्या तळल्या. भरल्या पोटी कुत्र्याला गाडी लागते म्हणून ब्रूनोचं जेवण आदल्या रात्रीच, तेही हलकं, उरकलं होतं. त्याची बॅग वेगळी: घरचं पाणी, ओळखीचा वास असलेली जुनी चादर, ओला टॉवेल, रेबीजच्या लशीची नोंद असलेलं पुस्तक, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेली उलटीची गोळी. पट्ट्यावर शेठचा मोबाइल नंबर कोरलेला, शॉपमध्येच. शेठच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या फ्रिजवर राहिल्या.

पुढचं सगळं वहिनींकडून कळलेलं.

पूर्वी भोसरी सोडली की गाडी थेट विट्याला थांबायची. ‘हायवेला टाइम निघतो’ हे शेठचं ब्रीद. वहिनी खेड शिवापूरच्या टोलपासून ‘जरा थांबवता का’ म्हणायला लागायच्या, साताऱ्यात त्यांचा आवाज बंद व्हायचा आणि कराडपर्यंत चेहरा पाहवत नसे. आता दर दोन तासांनी गाडी थांबते. आधी साखळी लावायची, मगच दार उघडायचं, हायवेच्या उलट्या बाजूचं. सावलीत फिरवायचं, पाणी दाखवायचं. वहिनी तेवढ्यात आपलं उरकतात. ‘ब्रूनो अस्वस्थ वाटतोय’ म्हटलं की इंडिकेटर लागतो, हा शोध त्यांना नवले पूल ओलांडायच्या आत लागला.

खंबाटकीच्या घाटात ब्रूनोला गाडी लागली नाही, मुलाला लागली. ‘बघ,’ शेठ म्हणाले, ‘त्यानं सकाळी पुऱ्या खाल्ल्या नव्हत्या.’

आईंना काच खाली हवी होती. मिळाली नाही, कारण मग ब्रूनो तोंड बाहेर काढणार आणि डोळ्यांत धूळ, किडे जाणार. मिसळीला थांबले तेव्हा शेठ आत गेलेच नाहीत. काचा बंद असलेली गाडी उन्हात उभी केली की आतला पारा दहा मिनिटांत दहा-एक अंश चढतो, आणि बोटभर फट ठेवून काही होत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग निववावं लागतं. हे सगळं शेठनी हॉटेलच्या वॉचमनला चिंचेखाली उभ्याने मिसळ खात सांगितलं. सगळं खरं आहे. फक्त त्यांच्या शॉपवर पत्रा आहे, आणि मे महिन्यात तिथे एकच पंखा असतो, तोही मशीनच्या पॅनलकडे तोंड करून.

जतेत चुलत्यांनी ब्रूनोला उभं-आडवं न्याहाळलं. तो मुलूख कारवानी कुत्र्यांचा: लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, सशामागे सुटलं की नुसती धूळ. सीमेपलीकडे मुधोळला याच घराण्यातली कुत्री. त्यांच्यावर २००५ साली पोस्टाने तिकीट काढलं. चुलत्यांचं कारवानी रोज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून रानात जातं. वळणावर स्वतःच तोल सांभाळतं.

‘कुत्र्याला गाडी लागती व्हय?’ चुलत्यांनी विचारलं. मग, ‘ससा धरतो का ह्यो?’

‘नाय,’ शेठ म्हणाले. ‘बॉल.’

चुलते यावर काही बोलले नाहीत, पण यात्रेत ते ब्रूनोबरोबर चालले नाहीत.

परतताना खंबाटकीला घाट नाही, बोगदा आहे. म्हणून शेठनी वेग धरला होता. दोन दिवस सुनेकडे गप्प बसून बघत असलेल्या आई साताऱ्याच्या अलीकडे एकदम म्हणाल्या, ‘आरं, थांबीव. ब्रुण्याला लागलीया.’

शेठनी इंडिकेटर दिला. ब्रूनो घोरत होता.