तंबोरा करवून घ्या: नवशिक्यांसाठी

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कॉलनीत चारचौघांत गवई म्हणून नाव व्हायला हवं असेल, तर गाणं शिकायच्या भानगडीत पडू नका. त्यात वर्षं जातात आणि वरच्या मजल्यावरचे जिन्यात भेटले की बोलत नाहीत. मिरजेहून तंबोरा करवून घ्या. तयारही मिळतो, पण तयार घेतल्यावर लोकांना सांगणार काय?

१. आधी नातं जोडा. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले, शेवटची वर्षं नाशिकला आश्रम काढून राहिले आणि १९३१ साली मिरजेतच वारले. हे सांगताना मध्येच 'आम्ही नाशिककर' एवढं घाला. उरलेलं पाहुणे आपल्या मनाने जुळवून घेतात.

२. मनमाडला जाऊन गोवा एक्स्प्रेस पकडा. काम फोनवरही होतं, पण फोनवर दिलेल्या ऑर्डरचा फोटो काढता येत नाही. सतारमेकर गल्लीत शिरलात की पहिल्याच दुकानात विचारा, "मूळ घराणं तुमचंच ना?" तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं हाती घेतली आणि पुढे घरोघर हाच धंदा झाला. त्यामुळे 'हो' हे उत्तर बऱ्याच दुकानांत मिळेल, आणि खरंही असेल.

३. कारागीर विचारेल, "साहेब, सूर कुठला?" घाबरू नका. बायकांचा साधारण काळी चार-पाच, पुरुषांचा काळी एक-दोन. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी, सगळं त्यावर ठरतं. आपला सूर ठाऊक नसेल तर ठामपणे सांगा, "दोन्हीकडे चालेल असा करा, चाचा." चाचांची पेन्सिल थोडा वेळ हवेत राहील. तिकडे बघू नका.

एकलहरेकरांना इथे एक सवलत आहे. वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर घुमतो, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जरासा वर. औष्णिक केंद्राच्या शेजाऱ्यांना चोवीस तास फुकट षड्ज मिळतो, खुंटी पिळायला नको. आगाऊ रक्कम देऊन होईपर्यंत हे घरात कुणाला कळू देऊ नका.

४. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा. तो खायचा नसतो, वाद्यासाठीच मोठा होऊ देतात आणि मग कित्येक महिने वाळवतात. तुम्ही दर सोमवारी फोन करून "झालं का?" विचारत राहा. त्याने भोपळा लवकर वाळत नाही, पण आपण पाठपुरावा केला असं वाटतं.

५. नक्षीत मात्र कसूर नको. मोर, वेलबुट्टी, गणपती, तबलीवर मुलाचं नाव. पूर्वी हस्तिदंत बसवायचे, आता प्लॅस्टिक. हस्तिदंताची चौकशी करू नका, कोठडीत तंबोरा नेऊ देत नाहीत.

६. मग जवारी. हे काम चालू असताना तुम्ही मोबाइल बघा. चाचा घोडीच्या माथ्यावरून कानस फिरवतील, बोटाने भुकटी पुसतील, तार छेडतील, मान कलती करून ऐकतील, पुन्हा कानस. तारेखाली सुताचा दोरा घालून तो नखाने मागेपुढे सरकवतील. केसभर अलीकडे, तार मुकी. केसभर पलीकडे, नुसती झणझण. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे एका तारेतून चार सूर ऐकू येऊ लागतात. तुम्ही दिलेल्या पैशांतले निम्मे तरी या जागेचे. ती सापडली की चाचा तुमच्याकडे बघतील. तेवढ्यात विचारा, "पॉलिशचा अजून एक हात बसेल का?"

७. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा उल्लेख पैसे देताना टाळा ("लाकूड नि भोपळाच तर आहे!") आणि घरी आल्यावर न चुकता करा.

८. तंबोरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी, सोफ्याच्या रंगाच्या गवसणीत उभा करा. गवसणी काढू नका, इथे राखेची फार कटकट. रियाझाची हुक्की आलीच तर मोबाइलमधला तानपुरा लावा, तो कधी उतरत नाही. एखादा खरा गवई घरी टपकलाच आणि "जरा लावू का?" म्हणाला, तर कपाळाला आठी घालून सांगा, "जवारी बसलीय हो, मिरजेला पाठवायचाय." हे वाक्य पाठ करा. यावर कुणी उलटतपासणी घेत नाही.

९. तो गवई जाता जाता म्हणेल, "एकच? जोडी हवी." बरोबर आहे त्याचं. मनमाडचं तिकीट काढा. जोडीतले दोन्ही एकाच सुराचे लागतात, तेव्हा पहिल्याची पावती बरोबर न्या. सुराच्या रकान्यात चाचांनी काय लिहिलंय ते मात्र गाडीत बसल्यावरच वाचा.