पाषाणचं स्थळ

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या घरांच्या मध्ये पूर्वी मेंदीची वई होती. आता भिंत आहे, कोपर टेकायला बरोबर उंचीची. मानकोलीत भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली, हायवेवर रात्रभर ट्रेलर धडधडायला लागले, खाडीवर डोंबिवलीकडे जायचा पूल झाला. भिंतीवर बोलायची वेळ मात्र तीच, सकाळचं पाणी भरून झालं की. त्या दिवशी वहिनी तांदूळ आणि सूप घेऊनच आल्या. म्हणजे विषय लांबणार.

"बाय, पोरीला पुण्याचं स्थळ आलंय."

"अगं बाई! मग?"

वहिनींनी आधी रस्त्याकडे बघून घेतलं. "पोरगा मशिनगन बनवतो."

आता ही बातमी कशी तयार झाली ते मला माहीत होतं. मुलगा पाषाणला इंजिनियर आहे, एवढंच मध्यस्थांनी सांगितलं होतं. आमच्या आळीत येईपर्यंत तो मिलिटरीत गेला, आणि नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर पोचला तेव्हा बंदुका विकायला लागला होता.

"आणि इचारलं तर सांगत नाय काय. नुसता हसतो. रात्री घरी आणत असेल का गो?"

"वहिनी, आमच्या ह्यांनी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षं काढली. घरी काय बोलले? पितळ. पितळ चांगलं आलं, पितळ खराब आलं. काडतुसाची पुंगळी पितळेची असते, त्यात साधारण सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त, हेसुद्धा मला मुलाच्या पुस्तकातून कळलं. सांगत नाही म्हणजे नोकरी खरी आहे."

वहिनींना हे पटलं, पण अर्धंच. मग मी मला ठाऊक होतं ते सांगितलं. पाषाणला डीआरडीओची एआरडीई नावाची संस्था आहे. तिथे शस्त्रं विकत नाहीत, आखतात. 2021च्या जानेवारीत तिथलं नाव पेपरात मोठं आलं होतं, ‘अस्मी’ नावाच्या मशिन पिस्तुलामुळे. महूच्या इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि ही पुण्याची संस्था, दोघांनी मिळून ते चार महिन्यांत उभं केलं.

"बनसोड? म्हणजे आपल्याकडचाच की!" वहिनींचा हात सुपात थांबला. "आणि चार महिने? आमच्या न्हाणीघराला सहा लागले."

अस्मीचा वरचा भाग विमानाला वापरतात तसल्या अ‍ॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने केलेले. गोळी सैन्यात आधीपासून असलेलीच, 9 मिलिमीटरची. रणगाड्यात बसणारे, ड्रायव्हर, रेडिओवाले, ज्यांना लांब बंदूक सांभाळत बसता येत नाही, त्यांच्यासाठी ही. संस्कृतात ‘अस्मि’ म्हणजे ‘मी आहे’. सरकारी पत्रकाने मात्र अभिमान, स्वाभिमान आणि कष्ट असे तीन अर्थ काढले होते. असो.

एवढ्यात वहिनींचे यजमान आले. त्यांना सगळे जॉबरकाका म्हणतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर जन्म गेला त्यांचा. कारखान्यातला माग बिघडला की आधी त्यांना हाक. कान थोडे गेलेत, पण मशीन हा शब्द भिंतीपलीकडूनही ऐकू येतो.

"मिनिटाला किती?"

"काय किती?"

"गोळ्या. आमचा साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास धोटा मारतो. त्यात धोटा उडाला तर समोरच्याचं डोकं फुटतं."

मी पेपरातलंच सांगितलं: याच पाषाणच्या लोकांनी आखलेली दुसरी एक कार्बाइन आहे, जेव्हीपीसी, ती मिनिटाला सातशेच्या वर. काका गप्प झाले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला आयुष्यात सुचला नसता.

"मोटर कुठं बसवतात?"

आणि तेव्हा आमचे हे, जे व्हरांड्यात पेपर धरून बसले होते आणि तीस वर्षांत पितळापलीकडे गेले नव्हते, ते म्हणाले, "मोटर नसते."

दोघं माझ्या खांद्यावरून बोलायला लागले. हे सांगत होते, 1862मधल्या गॅटलिंगच्या बंदुकीला दांडा होता, उसाच्या चरकासारखा फिरवायचा. 1884 साली हिराम मॅक्सिमने डोकं लढवलं: गोळी सुटताना बंदूक मागे लाथ मारते, ती लाथ वाया का घालवायची? त्याच धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, नवी आत ओढायची, पुन्हा उडवायची. चाप दाबून धरला की झालं. दुसऱ्या जातीच्या बंदुकीत नळीला बारीक भोक ठेवतात, गोळीमागचा गॅस त्यातून येऊन दट्ट्या ढकलतो. जेव्हीपीसी त्या जातीतली.

"म्हणजे गेलेली गोळीच मागच्या गोळीची सोय लावून जाते," काका म्हणाले. "आणि गरम?"

"तेच तर मरण. मॅक्सिमच्या नळीभोवती पाण्याची टाकी असायची. ब्रेनगनची नळीच चटकन काढून दुसरी घालायचे."

"कांडी बदलतो तशी," काकांनी मान हलवली. त्यांना बंदूक कळली. इतकी वर्षं सिनेमात बघूनही मला कळली नव्हती, हेही कबूल करते.

वहिनी मात्र मघापासून बोलत नव्हत्या. मग म्हणाल्या, "माझ्या म्हायेरला, माणगावात, यशवंत घाडगेंचा पुतळा हाय. मशिनगन म्हटलं की मला तोच आठवतो."

नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री. 10 जुलै 1944, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. समोरच्या मशिनगनने त्यांची अख्खी तुकडी मारली किंवा जखमी केली, एकटे तेच उरले. ते थेट त्या मशिनगनवर धावले. ग्रेनेडने ती बंद पाडली, एकाला गोळीने टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानेच मारलं. लगेच लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

"मिनिटाला सातशे म्हणता," वहिनी म्हणाल्या, "ते कुणाच्या तरी पोरावरच ना?"

यावर कुणीच काही बोललं नाही. हायवेवर एक ट्रेलर हॉर्न वाजवत गेला. वहिनींनी सूप पाखडलं आणि स्वतःच विषय बदलला. "केवढ्याला पडते?"

अस्मी पन्नास हजारांच्या आत बनेल असं तेव्हा सांगितलं होतं. इस्रायलकडून 2020च्या मार्चमध्ये 16,479 लाइट मशिनगन घ्यायचा करार झाला तो 880 कोटींचा. काकांनी भिंतीवर खडूने भागाकार केला: नग सव्वापाच लाखांच्या वर. "बघा! दहापट!" तुलना चुकीचीच होती, एक कमरेला लटकवायची, दुसरी दोन पायांवर टेकवून लांबवर मारायची. स्कूटर आणि ट्रॅक्टरचे भाव शेजारी मांडल्यासारखं झालं. पण काका खूश होते.

खरी गोष्ट मला पुढे दिसते. अस्मी चार महिन्यांत तयार झाली, पण सैन्याच्या उत्तर कमांडची 550 नगांची ऑर्डर आली 2024 साली. ती बनवणारी कंपनी हैदराबादची, लोकेश मशीन्स. मुळात सीएनसी मशिनं करणारी. आणि ती जेव्हीपीसी तर उन्हाळ्याच्या आगीत आणि उंच डोंगरातल्या हिवाळ्यात चाचण्या देत देत 2020च्या डिसेंबरात शेवटच्या परीक्षेतून सुटली. कानपूरच्या कारखान्यात बंदूक, आपल्या पुण्याच्या खडकीत तिची काडतुसं. आखायला डोकं लागतं, पण सैनिकाने ती हातात घ्यायला ती अडकणार नाही याची खात्री लागते, आणि ती खात्री कागदावर येत नाही.

"आमचं पण तेच," वहिनी म्हणाल्या. "पत्रिका जुळली. पण उन्हाळ्या-हिवाळ्यात कसा राहतो ते कोण बघणार?"

रविवारी मुलगा आला. वहिनींनी पापलेट केलं होतं. मी भिंतीशी उभीच होते, खोटं कशाला बोलू. जॉबरकाकांनी पाणी देण्याआधीच त्याला विचारलं, "अडकली तर काय करता?"

मुलगा पुन्हा नुसता हसला. मग म्हणाला, "काका, मागाचा बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप कसा थांबतो? ते मला कधी जवळून बघायला मिळालं नाही."

काकांनी किल्ली घेतली. परसातल्या शेडमध्ये त्यांचा एक बंद पडलेला माग आहे, भंगारवाल्याला द्यायला त्यांचं मन होत नाही. दोघं आत गेले. अर्ध्या तासाने एक खट् ऐकू आला, मग बराच वेळ काही नाही, मग दोघांचे आवाज. पापलेट दोनदा गरम झालं. मुलगी साडी सावरून ओटीवर बसली होती, ती शेवटी उठून टीव्ही बघायला गेली.

संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा शर्टाच्या दोन्ही बाह्यांना वंगण होतं, आणि मुलीशी बोलायचं राहूनच गेलं होतं. आता पुढच्या रविवारी पुन्हा यायचं ठरलंय.