४० मिलिमीटर खाली

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गाडी अशी असते, जिच्याखाली मांजर शिरत नाही. ते कान पाडून एकदा अंदाज घेतं आणि शेजारच्या एसयूव्हीखाली जाऊन झोपतं. पुण्याच्या आसपास ही गाडी बहुधा फोक्सवॅगन पोलो असते. चाकणच्या कारखान्यात बनलेली, २०१० साली बाजारात आलेली आणि २०२२ साली बंद पडलेली. ती बंद झाल्यापासून तिच्या मालकांच्या वागण्यात गढी सांभाळणाऱ्या शेवटच्या इनामदाराचा भाव आला आहे. आपला मालक तिशीच्या आतबाहेर, राहायला चिंचवडला, नोकरीला हिंजवडीत. गाडीची किंमत घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चाकांची कोणालाच नाही.

त्याच्यासमोर सहज म्हणून ‘टायर बदलायचेत रे’ असं म्हणू नये. मी म्हणालो. तो लगेच माझ्या गाडीशेजारी उकिडवा बसला आणि टायरवरचं १८५/६० आर १५ बोट फिरवत वाचू लागला. १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. १५ हा रिमचा व्यास, तो इंचात. एका ओळीत तीन मापं, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. (या ठिकाणी कुठल्याही सुज्ञ माणसाने ‘दुकानदार देईल तो घेऊ’ म्हणून उठावं.) पण त्याला थांबवणं शक्य नसतं. पंधरा इंचांचे ३८१ मिलिमीटर. १८५चे साठ टक्के १११. भिंत वर एक, खाली एक. झाले ६०३. हे सहाशे तीन त्याचं कुलदैवत. रिम कितीही मोठी घ्या, चाकाची एकूण उंची सहाशे तीनच्या आसपास राहिली पाहिजे. म्हणून सोळा इंचाला १९५/५०, म्हणजे ६०१. सतराला २१५/४०, म्हणजे ६०४. रिम वाढते तशी रबराची भिंत आखडते, हिशेब जुळतो. बारावीला गणितात किती पडले होते ते त्याची आई सांगू लागली की हाच माणूस चहा घ्यायला आत जातो.

टायरच्या दुकानात त्याला लांबून ओळखतात. एकदा सोळा इंची रिमला फिटरने जवळ होता तो २०५/५५ पुढे केला. “दादा, बसतंय. बिनधास्त टाका.”

“काका, ६३२ होतात.”

“कसले?”

“मिलिमीटर. मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ एकशे पाचने पळत असेल. आणि फुल स्टिअरिंग मारलं की आतून घासणार.”

फिटरने टायर परत ठेवून दिला. पंक्चर काढणाऱ्या पोऱ्याने मात्र त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर त्याला ऑफिसात अजून कोणी दिलेली नाही.

एवढ्यावर भागतं तर सगळेच सुखी असते. पण गाडी लो केलेली आहे. स्प्रिंगा बदलून चाळीस मिलिमीटर खाली. मूळ स्प्रिंगच कापून लो करणाऱ्यांचा एक स्वतंत्र पंथ आहे आणि त्यांच्या हातचं हा पाणीही पिणार नाही. कापलेली स्प्रिंग जास्त कडक होते, शॉकअप पुरता उघडला की जागेवरून सटकू शकते, हे तो इतक्या कळवळ्याने सांगतो की ऐकणाऱ्याला घरचं कोणी गेलं असं वाटावं. खाली आलेल्या गाडीत चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते. मग सहाशे तीन जुळूनही टायर घासतो, कारण आता प्रश्न उंचीचा नसून रिम किती बाहेर येते याचा असतो. तो ठरवतो ऑफसेटचा आकडा, ज्याला ही मंडळी ईटी म्हणतात. समजा मूळ रिम सहा इंची आणि ईटी ४०. नवी सात इंची, ईटी २५. रिमची बाहेरची कड जवळजवळ २८ मिलिमीटर पुढे आली. मडगार्ड आपल्या जागी, टायर त्याच्याबाहेर, आणि मागे तीन माणसं बसली की दोघांची गाठ पडलीच.

त्यामुळे त्याच्या गाडीत माणसं वजनावर बसतात. घरच्या लग्नात मामी पोलोतून गेल्या, मामांना रिक्षा करून दिली. मामा अजून बोलत नाहीत. टायरवर ८४ हा आकडा असतो, त्याचा अर्थ एक टायर पाचशे किलो पेलतो, हे त्याने मामांना समजावलं, त्यावर मामांनी विचारलं, “मग मी किती किलोचा वाटलो तुला?”

वडील कारखान्यात टर्नर होते. उभी हयात मायक्रॉनमध्ये गेली. त्यांचा प्रश्न साधा आहे: “जर्मन इंजिनिअरांना कळत नव्हतं का रे, गाडी किती उंच ठेवायची ते?” उत्तर म्हणून हा मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये दोन बोटं घालून दाखवतो. पूर्वी चार जात होती. वडील ती बोटं पाहतात, मग टायरची आतली कड पाहतात. लो केल्यावर पुढची चाकं वरून आत झुकतात, अलाइनमेंट चुकलं की आतली कड झिजत जाते. बाहेरून टायर कालच आणल्यासारखा, आतून तारा डोकावतायत.

मध्यंतरी मुलगी पाहायला कोथरूडला गेले. सोसायटीच्या फाटकातच असा स्पीडब्रेकर होता की गाडी बाहेर लावून सगळे वरात आल्यासारखे चालत आत गेले. मुलीने आवड विचारली. हा म्हणाला, “ऑफसेट.” मुलीचे काका खूश झाले, त्यांचा छपाईचा धंदा होता. पुढची दहा मिनिटं दोघं निरनिराळ्या विषयांवर अगदी एकमताने बोलले. लग्न ठरलं नाही, पण काकांनी रिमचे फोटो मागून घेतले.

रस्त्यांचं मात्र त्याच्याइतकं ज्ञान महापालिकेलाही नसेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असं आहे. आपल्याकडचा गतिरोधक स्लॅब टाकून उरलेल्या काँक्रीटच्या मापाचा असतो. हा तिरका चढतो, एकेक चाक उतरवतो, मागचे हॉर्न ऐकून घेतो आणि चेंबर घासलं की डोळे मिटतो. पावसाळ्यात तर सतरा इंची चाकाची ८६ मिलिमीटरची ती भिंत खड्ड्यात आपटून टायरला फुगा येतो नाहीतर रिम वाकते, आणि सहाशे तीनचा हिशेब बरोबर असूनही गाडी क्रेनवर जाते. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच: कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात फेरफार चालत नाही. ते कलम त्याला पाठ आहे. चौकात पोलीस दिसला की तो त्याच्याकडे पाहत नाही, एवढाच त्याचा अर्थ लावता येतो.

माझं मत विचाराल तर माणूस गणितात चोख आहे, फक्त उदाहरण पुण्याच्या रस्त्यांवर सोडवतो. तुम्हालाही ही हौस असेल तर सोळा इंचावर थांबा, १९५/५० घ्या, ईटी मूळच्या जवळ ठेवा आणि स्प्रिंगांना हात लावू नका. सतरा इंचाचा मोह झालाच, तर आधी त्याच्या मागच्या सीटवर बसून एकदा सासवडपर्यंत जाऊन या. वजन मात्र खरं सांगा.