दहा मीटरचा प्रवास

नाशिकमध्ये "मी पिस्तूल घेतलं" असं म्हटलं की समोरचा आधी आवाज खाली आणतो आणि मग विचारतो, "कुठल्या प्रभागातून उभा राहतोयस?" दुसरा प्रश्न जमिनीचा. गंगापूर रोडला काही गुंठ्यांचा वाद आहे का, भावकीत काही बिनसलंय का? खेळायला घेतलं, असं सांगितलं की लोक हसतात. एक वकील मित्र मात्र हसला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोर्टात हेच सांग. बदलू नकोस."

माझ्या डोक्यात होता तो खेळ परदेशातला. त्याचं नाव प्रॅक्टिकल शूटिंग. जेफ कूपर नावाच्या निवृत्त सैनिकी गृहस्थाने आणि त्याच्या मंडळींनी १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया गावी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. लॅटिनमध्ये ब्रीदवाक्य घेतलं: अचूकता, ताकद, वेग. या खेळात माणूस कमरेला पिस्तूल लावून उभा असतो, टायमर 'पीं' करतो आणि हा पळत सुटतो. दाराआडून, पिंपामागून, गुडघ्यावर बसून पुठ्ठ्याच्या आणि लोखंडाच्या निशाणांवर गोळ्या झाडतो. शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. पळापळीच्या शेवटी भागाकार असलेला खेळ मराठी माणसाला आवडायलाच हवा.

पण आपली गाडी काडतुसावर अडते. त्या खेळात सर्रास चालतं ते ९ मिलिमीटर, आणि सामान्य नागरिकाला आपल्या कायद्यात तेच वर्ज्य. दुसऱ्या बोअरचा परवाना काढायचा तर अर्ज, पोलीस चौकशी आणि "गरज काय?" या प्रश्नाचं लेखी उत्तर. 'हौस' हे उत्तर सरकारी रकान्यात मावत नाही. उलट ४.५ मिलिमीटरचं, २० जूलच्या आतलं एअर पिस्तूल २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याशिवाय मिळतं. बंदूकच नव्हे ती, हवेवर चालते. तेव्हा पळायचं स्वप्न गुंडाळून मी गावातल्या एका क्लबात दाखल झालो.

क्लब म्हणजे एक लांबट हॉल, आणि शेजारी लग्नाचं लॉन्स. लग्नसराईत सकाळच्या बॅचला मंगलाष्टकं ऐकू येतात. ट्रिगरवर बोट हळूहळू दाबत आणलेलं असतं, श्वास अर्ध्यावर धरलेला असतो आणि पलीकडून गुरुजी ओरडतात, "सावधान!" त्या क्षणी सुटलेले कित्येक छर्रे कुठे गेले, याचा हिशेब क्लबच्या भिंतीवर आहे.

सरांनी सुरुवातीला पिस्तूल दिलंच नाही. उभं राहायला सांगितलं. पाय खांद्यांच्या रुंदीएवढे, डावा हात पँटच्या खिशात, मान सरळ, उजवा हात समोर. हातात काही नाही. मग पाण्याची भरलेली बाटली घेऊन मी भिंतीकडे बघत उभा. बाजूला शाळकरी पोरं फटाफट दहात मारतायत. न राहवून विचारलं, "सर, पळायचं कधी?"

"बस चुकली की."

उभं राहण्याचं हे शास्त्र नाशिकला नवं नाही. भीष्मराज बाम इथलेच. पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी, स्वतः पिस्तूल नेमबाज. निवृत्तीनंतर योगशास्त्राच्या वाटेने खेळाडूंची मनं ठिकाणावर आणायचं काम त्यांनी हाती घेतलं आणि अंजली भागवतपासून राहुल द्रविडपर्यंत कितीतरी मंडळी त्यांच्या सल्ल्याला आली. २०१७ साली बाम गेले, पण त्यांचं नाव आजही नाशिकच्या रेंजवर एखाद्या सासरेबुवांचं घ्यावं तसं घेतात, म्हणजे घेतलं की बोलणारा सावरून उभा राहतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून नाशिकलाच रायफल शिकला. पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला. थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, पोटावर आणि उभं. सर मला म्हणाले, "त्याला तीन होत्या. तुला एकच आहे, आणि तीही तिरकी."

यथावकाश पिस्तूल आलं. दीड-दोन लाखांच्या घरातलं, सेकंडहँड. घरी आकडा सांगताना मी एक शून्य मनात म्हटलं. त्याची गंमत ग्रिपमध्ये आहे. अक्रोडाच्या लाकडाचा तो ठोकळा विकत मिळतो तो जगातल्या सरासरी माणसाच्या हाताचा. आपला हात सरासरी नसतो. मग सर कानस घेऊन बसतात. अंगठ्याच्या मुळाशी लाकूड घासायचं, तळव्याच्या खळग्यात पुट्टी भरायची, ती ओली असतानाच मूठ आवळून बसायचं, वाळली की पॉलिश पेपर. पुन्हा पकडायचं, पुन्हा कुठेतरी टोचतं, पुन्हा कानस. मांडीवर तपकिरी भुकटी पडते आणि नाकात शिंक अडकते. काही आठवड्यांनी ते लाकूड फक्त आपल्या एकट्याच्या मुठीत बसतं. याचा एक फायदा उत्पादकांच्याही लक्षात आलेला नसावा. आमच्या सोसायटीत शिडी, ड्रिल मशीन, इडलीपात्र यांतलं काहीही मालकाकडे सलग महिनाभर राहत नाही. पिस्तूल मात्र आजवर कोणी मागून नेलेलं नाही.

आता नेमाकडे येऊ. निशाण दहा मीटरवर. मधलं काळं वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचं आणि त्यातला दहाचा ठिपका ११.५ मिलिमीटरचा, शर्टाच्या गुंडीएवढा. तो दिसत नाही. आणि बघायचाही नाही, हे कळायला फार काळ जातो. डोळा लावायचा तो पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरच्या फोरसाइटवर. ती स्वच्छ दिसली पाहिजे आणि निशाण पुसट. फोरसाइट धरायची तीही काळ्या वर्तुळाच्या खाली, पांढऱ्यात. म्हणजे जिथे मारायचं तिथे बघायचं नाही आणि जिथे बघायचं तिथे मारायचं नाही. सरकारी कचेरीत काम करून घेतलेल्या माणसाला हे तत्त्व चटकन समजतं. ट्रिगरवर कमीत कमी ५०० ग्रॅमचा दाब लागतो. अर्धा किलो साखर तोलायला वाण्याला कष्ट पडत नाहीत. इथे तोच भार एका बोटाने असा हळू वाढवत न्यायचा की छर्रा सुटल्याचं आपलं आपल्यालाच आश्चर्य वाटावं. मला अजूनही वाटतं, पण ते छर्रा लागलेल्या जागेचं.

खंडेनवमीला आईने पिस्तुलाची पूजा मांडली. आमच्या घरात इतकी वर्षं या दिवशी विळी, कात्री, बाबांचा पाना आणि स्कूटर एवढ्यांचीच वर्णी लागे. खरं शस्त्र पहिल्यांदाच आल्यामुळे आईचा उत्साह दांडगा होता. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. फूल नळीच्या तोंडात नीट बसत होतं, म्हणून तिथेच बसवलं. दसऱ्यानंतर क्लबात गेलो. कागदी निशाण होतं, त्यावर भोकाभोवती गुलाबी कडा आली. सरांनी कागद उजेडाकडे धरला आणि नळीत दोरा घालून साफ करायला दिलं. कुंकू निघालं, त्यामागून एक तांदूळ निघाला. सर म्हणाले, "नैवेद्य राहिलाय का आत?"

मग स्पर्धा. वरळीच्या रेंजवर कॅप्टन एझिकेल यांच्या स्मरणार्थ राज्यातली मोठी नेमबाजी स्पर्धा होते. तिथे बरा स्कोअर झाला तर पुढची पायरी मावळणकर स्पर्धा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर हेच १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष. ज्यांचा जन्म सभासदांना "बसा, बसा" सांगण्यात गेला त्यांच्या नावाची स्पर्धा उभं राहून खेळतात, हा योगायोग मला फार आवडतो.

पहाटे रिक्षा पकडून नाशिकरोड गाठलं. पंचवटी एक्सप्रेसमध्ये पासधारकांचं राज्य. कोणी कुठे बसायचं, खिडकी कुणाची, पत्ते कुणाच्या बॅगेवर पडायचे, हे सगळं ठरलेलं. परक्याला तिसऱ्या माणसाच्या शेजारी चौथी, म्हणजे निम्मी सीट मिळते. मी निम्म्यावर टेकलो आणि मांडीवर काळी पेटी घेतली.

"क्लॅरिनेट का हो?" समोरच्यांनी चौकशी केली.

"नाही. पिस्तूल."

डब्यात पसरली तशी शांतता मी लोकसभेत, म्हणजे टीव्हीवर, कधी पाहिली नाही. शेजारचे सरकले. त्यांच्या शेजारचे उठून दाराशी वारा खायला गेले. इगतपुरीपर्यंत मी खिडकीशी होतो. घाटात गाडी उतरायला लागली, धुक्यातून दरी दिसायला लागली तसा लोकांना धीर आला. मी फाइल काढून पावती, क्लबचं पत्र, आधार कार्ड, संघटनेचं ओळखपत्र असं सगळं दाखवलं. मग काय, बोगीत चर्चासत्रच बसलं. एकाने अर्जुनाचा डोळा काढला. दुसऱ्याने राही सरनोबत काढली आणि २०१८ च्या एशियाडमध्ये दोन शूट-ऑफनंतर तिने सुवर्ण कसं घेतलं ते सगळं सांगितलं. त्याचा तपशील माझ्यापेक्षा पक्का होता. मग निफाडकडचे एक टोपीवाले काका पुढे झुकले.

"किती लांबनं मारायचं असतं?"

"दहा मीटर."

"दहाच?" काकांनी डब्यातलं अंतर डोळ्यांनी मोजलं. "एवढ्यात तर जाऊन हातानं लावून येता येईल की."

यावर काय बोलणार? पावणेदोनशे किलोमीटर जाऊन मी छर्ऱ्याला दहा मीटर पाठवणार होतो. काकांनी फोन नंबर मात्र आग्रहाने मागून घेतला.

स्टेशनाबाहेर पडताना पेटी स्कॅनरमधून गेली आणि पडद्यावर पिस्तूल स्वच्छ उमटलं. हवालदारांनी साहेबांना बोलावलं. साहेब फौजदार होते. फाइल उघडली, पत्ता वाचला आणि चेहरा बदलला. "नाशिक? आमचं ट्रेनिंग तिथलं. अकादमी. त्र्यंबक रोड." मग पिस्तुलाचा विषय संपला आणि मिसळीचा सुरू झाला. रविवारी बाहेर सोडायचे तेव्हा कुठे खायचो, तर्री वेगळी मागितली की किती द्यायचे. मागे रांग वाढत होती. जाताना साहेबांनी हळूच विचारलं, "याला झटका किती बसतो?" म्हटलं, "काहीच नाही." साहेब हळहळले.

वरळीला आत शिरलो तर सगळीकडे मुलं. नववीतली, सातवीतली. त्यांचे आईवडील बाहेर खुर्च्यांवर, कोणाच्या हातात भिजवलेले बदाम, कोणाच्या हातात गणिताचं पुस्तक. खरी स्पर्धा तिथेच चालते. "आमचा पाचशे साठला आला मागच्या वेळी," असं एक बाबा आकाशाकडे बघत म्हणतात आणि दुसऱ्या बाबांचा बदाम हातातच राहतो. माझ्या शेजारच्या लेनवर दोन वेण्या घातलेली मुलगी होती. तिने मला "काका, तुमचा सेफ्टी फ्लॅग" म्हणून नळीतली भगवी दोरी खुणेने दाखवली. ती मी काढली नव्हती. काढल्याशिवाय छर्रा भरताच येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या वयाच्या मुलीने दाखवल्यावर ते नव्याने ठाऊक झालं.

पंधरा मिनिटं सरावाची, मग ७५ मिनिटांत साठ शॉट. कमाल सहाशे. कोरियाच्या जिन जोंग-ओहने २००९ मध्ये ५९४ केले होते, म्हणजे सहा गुण सोडले. मी सहा गुण पहिल्या दोन शॉटमध्येच सोडले आणि मन मोकळं केलं. मग मजा यायला लागली. हात वर, हात खाली, फोरसाइट, श्वास, नको, खाली घे. न मारता हात खाली घेणं ही या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पडद्यावर ठिपका पडतो, आकडा उमटतो, आणि नळीची हवा 'फट्' म्हणून सुटते. मधे एक काळ असा आला की सलग नऊ-दहा पडत गेले आणि मी कोण, कुठला, ईएमआय किती, सगळं विसरलो. तेवढ्यात माझ्या हे लक्षात आलं. पुढचा सात.

स्कोअर पाचशेच्या अलीकडे थांबला. दोन वेण्यांवालीचा पाचशे सत्तरच्या घरात गेला. तिने पिस्तूल पेटीत ठेवलं, दोरी लावली आणि बाहेर जाऊन गणिताचं पुस्तक उघडलं. दादासाहेब मावळणकरांना माझी काही तोशीस पडणार नव्हती.

फोन सुरू केला तर निफाडच्या काकांचे मिस्ड कॉल.

"सायेब, झाली का शर्यत?"

"झाली काका."

"आता असं करा, येताना निफाडला उतरा. बिबट्या आलाय उसात. काल कुत्रं नेलं वाड्यावरचं."

"काका, माझा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा असतो. कागदाला भोक पडतं त्याने, बस. आणि बिबट्याला मारलं तर तुम्ही-आम्ही दोघं आत. वनखात्याला फोन करा."

"केलाय. पिंजरा येतोय उद्या." पलीकडे थोडा वेळ पाण्याच्या मोटरीचा आवाज आला. "मारायचं कोण म्हणतंय? रातच्याला लाइट येती, पाणी भरायला गडी घाबरत्यात. तुम्ही ती काळी पेटी घिऊन नुसतं बांधावर उभं ऱ्हावा. उभं ऱ्हायचंच शिकलात ना तुम्ही?"